खुलासा : ‘स्क्रू आवळा, पेट्रोल वाचवा’ हा मेसेज पुढे पाठवू नका

नवी मुंबईतल्या दिवाळे, सारसोळे, बेलापूरच्या ग्रुपांवर फिरतोय तो मेसेज असा : “टू-स्ट्रोक बोटीच्या कार्बोरेटरचा स्क्रू पूर्ण आवळून दीड फेरा सोडा. जितका आवळाल तितकं पेट्रोल वाचेल.” पहिलं वाक्य माझंच. तीन कार्बोरेटरच्या एका जेट बोटीबद्दल (पाण्याचा झोत मागे फेकून चालणारी) लिहिलं होतं, पण कुठलं इंजिन ते सांगायचं राहिलं. चूक माझी. दुसरं वाक्य नंतर कोणीतरी जोडलंय, आणि घात तिथेच आहे.

कार्बोरेटर इंजिनासाठी पेट्रोल आणि हवा मिसळतो. हा स्क्रू मुख्यतः आयडलिंगचं (थ्रॉटल न देता इंजिन नुसतं चालू असतानाचं) मिश्रण ठरवतो. फुल थ्रॉटलला पेट्रोल मेन जेट या वेगळ्या छिद्रातून येतं. शिवाय काही कार्बोरेटरवर तो पेट्रोलचा असतो, काहींवर हवेचा. हवेचा आवळला तर मिश्रण उलट रिच होतं, म्हणजे पेट्रोल वाढतं! पेट्रोलचा जास्त आवळला तर लीन, म्हणजे पेट्रोल कमी. आणि ऑइल मिसळलेल्या पेट्रोलवरच्या इंजिनात पेट्रोल घटलं की वंगणही घटतं. पिस्टन तापून सीझ होतो, म्हणजे अडकून बसतो. तसा ओरखडलेला एक पिस्टन माझ्या टेबलावर पडलाय.

सुरुवातीचे फेरे आपापल्या इंजिनाच्या मॅन्युअलमधूनच घ्या. एकापेक्षा जास्त कार्बोरेटर असतील तर आधी सगळे बटरफ्लाय (कार्बोरेटरमधल्या थ्रॉटलच्या झडपा) एकदम उघडतात का बघा. मग बोट पाण्यात, इंजिन गरम, आणि स्क्रू अगदी थोडाथोडा. जेट पंप कोरडा चालवू नका.

जुना मेसेज कृपया डिलीट करा. ज्यांनी स्क्रू आधीच आवळलाय, त्यांनी खाडीत जाण्यापूर्वी तो मॅन्युअलप्रमाणे परत आणा आणि स्पार्क प्लग काढून त्याच्या टोकाचा रंग बघा. बदामी असेल तर ठीक. पांढराफटक असेल तर मेकॅनिकला दाखवा.