तुला सकाळी उठवतं कोण?

पुण्याहून भावाचा फोन आला की बोलणं हटकून कोयत्यांवर येतं. त्याच्या गल्लीत एका रात्रीत सात गाड्यांच्या काचा फुटल्या, पकडलेल्यांत दोघं सोळा वर्षांचे. “घरच तसं असलं की पोरगं तसंच निघणार. अल्पवयीन म्हणून सोडायचं कशाला?” त्याचा संताप मला कळतो. पण ‘घरच तसं’ म्हटल्यावर चौकशी संपते, आणि मला वाटतं, ती तिथून सुरू व्हायला हवी.

मी ग्लासगोत राहते. इथेही चाकू चालतात, इथेही पोरं वाया जातात. फरक दिसला तो एका खोलीत. शेजारच्या आजींना सोबत हवी होती म्हणून मी त्यांच्या चौदा वर्षांच्या नातवाच्या सुनावणीला गेले. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) त्यानं कचऱ्याचे डबे पेटवले होते, बसवर दगड मारले होते. खोलीत ना काळा डगला, ना उंच खुर्ची. एका टेबलाभोवती मुलांच्या सुनावणी मंडळाचे तिघं, समाजातूनच निवडून प्रशिक्षण दिलेले स्वयंसेवक. समोर तो, आजी आणि सोशल वर्कर. बाप तुरुंगात, आईचा पत्ता नाही, आजी रात्रपाळीला ऑफिसांची साफसफाई करायच्या. तिघांतल्या एका बाईंनी त्याला विचारलं, “तुला सकाळी उठवतं कोण?” पोरगं जाकिटाची चेन वरखाली करत राहिलं. मग म्हणालं, “कोणी नाही.” आजींनी मान खाली घातली. बाई लगेच त्यांच्याकडे वळल्या. “तुम्ही तेव्हा कामावरून परतत असता, हे आम्हाला ठाऊक आहे.” शेवटी तिघांनी आपापला निर्णय, कारणांसकट, त्या मुलाच्या तोंडावर सांगितला.

मुलांच्या गुन्ह्यांचं काय करायचं याचा विचार करणाऱ्या किल्ब्रँडन समितीच्या १९६४च्या अहवालातून ही पद्धत निघाली आणि १९७१ पासून स्कॉटलंडमध्ये ती चालू आहे. फार गंभीर गुन्हे आजही कोर्टात जाऊ शकतात. बाकीच्या मुलांबाबत मात्र मुलानं काय केलं याइतकंच त्याला कशाची गरज आहे, हेही विचारलं जातं.

घराचा संबंध नाही असं मी म्हणणार नाही. दक्षिण लंडनमधल्या ४११ मुलांचा अभ्यास १९६१ मध्ये सुरू झाला, मुलं तेव्हा आठेक वर्षांची होती. डोनाल्ड वेस्ट आणि डेव्हिड फॅरिंग्टन यांनी त्यांचा माग दशकानुदशकं घेतला. साधारण सहा टक्के कुटुंबांच्या वाट्याला एकूण शिक्षांपैकी निम्म्या आल्या. गरिबीबरोबरच आईबापांपैकी कोणाला शिक्षा झालेली असणं, घरातली भांडणं, लक्ष नसणं, मारझोड, हे सगळं पुढच्या गुन्ह्यांशी जोडलेलं दिसलं. पण तशाच घरातली कितीतरी मुलं कधी कोर्टाची पायरी चढली नाहीत, हेही त्याच अभ्यासातलं. म्हणून ‘घरच तसं’ हा निकाल होऊ शकत नाही.

आणि ‘तसं घर’ म्हणजे झोपडीच, हे कुणी ठरवलं? १९ मे २०२४च्या पहाटे कल्याणीनगरात सतरा वर्षांच्या मुलाच्या पोर्शेनं दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. काही तासांत जामीन, सोबत ३०० शब्दांचा निबंध. पुढे रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून आईवडिलांना अटक झाली. तेव्हा भाऊ म्हणाला, “पैशाचा माज.” बरोबर. पण कोयतेवाल्या पोराच्या घराला जो कायमचा शिक्का बसतो, तो या घराला बसला नाही.

आपल्या कायद्याला हे कळतं, म्हणून माझी चिडचिड जास्त. २०१५च्या बाल न्याय कायद्यानुसार परिविक्षा अधिकाऱ्यानं (प्रोबेशन ऑफिसरनं) पंधरा दिवसांत मुलाचा सामाजिक तपास अहवाल द्यायचा असतो. त्याच्या नमुन्यात गुन्ह्याच्या संभाव्य कारणांमध्ये पालकांचं दुर्लक्ष आहे, आणि त्याच ओळीत अतिसंरक्षणही आहे. इतकी शहाणी ओळ लिहून ठेवली आहे, आणि चर्चा फक्त प्रौढ मानायचं वय सोळा की अठरा यावर होते. पकडल्या गेलेल्या मुलांपैकी बहुसंख्य आपल्या आईवडिलांबरोबर राहत असतात, असं राष्ट्रीय गुन्हे नोंदीचे आकडे वर्षानुवर्षं सांगतात. म्हणजे त्यांना घर आहे, दार आहे. ते वाजवून आत बसायला, बापाशी आणि आईशी वेगवेगळं बोलायला पुरेसे परिविक्षा अधिकारी नेमा, त्यांना वेळ द्या. पकडलेल्या मुलांना ठेवतात त्या निरीक्षणगृहाच्या भिंती उंच करण्याआधी हा खर्च करा, असं माझं सरकारला आणि भावालाही सांगणं आहे.

भावानं विचारलं, “तुझ्या त्या शेजारच्या पोराचं काय झालं?” एक कार्यकर्ता रोज पावणेआठला दार वाजवायला येऊ लागला. पहिले काही दिवस पोरानं उघडलंच नाही. पुढे उघडायला लागला. मधे एकदा मारामारी केली, पुन्हा त्याच टेबलापाशी बसावं लागलं, देखरेखीचा आदेश आणखी एक वर्ष वाढला. आजींची पाळी मात्र बदलली नाही.