"1.4 घ्या हो, सगळ्याला चालतं!"

1.4 म्हणजे गाडी रंगवायच्या स्प्रे गनच्या नोझलचं भोक, मिलिमीटरमध्ये. हे वाक्य परत कोणी माझ्यासमोर उच्चारलं तर मी त्याच्या हातात गन देणार, कपात मापानं कालवलेला हायबिल्ड सर्फेसर (खाचा भरून वर घासायचा जाड प्रायमर) ओतणार आणि म्हणणार, मार. तूच मार. मी चहा पीत बघत बसतो.

परवा पुण्यात नाना पेठेत गेलो होतो. मागणी साधी होती. प्रायमरसाठी, म्हणजे रंगाखालच्या थरासाठी, वेगळी ग्रॅव्हिटी गन (कप वर असलेली) हवी, 1.7 किंवा 1.8 च्या सेटसकट. सेट म्हणजे नोझल, ते बंद करणारी नीडल आणि पुढून हवा सोडणारी एअर कॅप, तिन्ही एकमेकांच्या जोडीचे. काउंटरवरच्या काकांनी वरही न बघता सांगितलं, "प्रायमरच मारायचाय ना? मग कशाला वेगळा खर्च? 1.4 मध्ये सगळं होतं. जाड वाटला तर जरा थिनर वाढवा." शेजारच्या दुकानात तेच. त्याच्या पुढच्या दुकानात तर गनच्या खोक्यावर नोझलचा आकडाच नव्हता. विचारलं तर म्हणे "स्टँडर्ड आहे". कसलं स्टँडर्ड? कुणाचं?

आणि म्हणे जरा थिनर वाढवा! थिनर म्हणजे काय आमटीतलं पाणी आहे, की पंगतीला चार माणसं वाढली म्हणून ओतलं तांब्याभर? बऱ्याच टूके (माल आणि हार्डनर मिसळून वापरायच्या) सर्फेसरांचं प्रमाण चार भाग माल, एक भाग हार्डनर आणि वर 10 ते 20 टक्के थिनर असं असतं. ते कोणाच्या मर्जीवर ठरलेलं नसतं. तेवढं घातलं की माल जेवढा दाट राहतो तेवढाच दाट तो पत्र्यावर जायला हवा, कारण त्याला तिथं भरायचं असतं. लांबी (खड्डे बुजवायची पुटी) घासल्यावर राहिलेल्या रेघा, बारीक भोकं, कडा, हे सगळं झाकून वर घासायला पुरेसा थर उरला पाहिजे. तो दाट माल 1.4 च्या भोकातून नीट येत नाही. थुंकल्यासारखा येतो, फवाऱ्याचा पंखा मधूनच फाटतो. मग पेंटर काय करतो? थिनर वाढवतो. हेच तर दुकानदारानं शिकवलेलं असतं ना!

शाळेत वर्तुळाचं क्षेत्रफळ शिकलो ते कशासाठी, हे मला आता कळतंय. 1.4 आणि 1.8 यात लोकांना 0.4 चा फरक दिसतो. "एवढ्यानं काय होतंय?" होतंय हो! भोकाचं क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गानं वाढतं. 1.8 चं भोक 1.4 पेक्षा सुमारे 65 टक्के मोठं असतं. 2.0 चं तर दुप्पट. हा किरकोळ फरक नाही. एवढ्या फरकात एका कोटचे दोन कोट होतात.

बरं, "प्रायमरला कुठलं नोझल?" हा प्रश्नच मुळात अर्धवट आहे, आणि ते अर्धवटपण कुणाला खटकतही नाही. कुठला प्रायमर ते सांगा ना आधी! उघड्या पत्र्यावरचा इपॉक्सी असेल तर 1.4 ते 1.6 मध्ये काम होतं. वेट-ऑन-वेट सीलर असेल तर 1.3-1.4 च बरं, कारण तो घासायचाच नाही, त्याच्यावर थेट बेस (रंगाचा कोट) जाणार. घासायचा हायबिल्ड सर्फेसर असेल तर 1.6 ते 2.0. आणि पॉलिएस्टरची स्प्रे पुटी असेल तर 2.0 च्या खाली बघूच नका, 2.5 पर्यंत जा. चार वेगळे माल आहेत. त्या सगळ्यांना मिळून आपण "प्रायमर" म्हणतो आणि दुकानदार सगळ्यांना मिळून "1.4" म्हणतो.

यातला सगळ्यात संतापजनक भाग हा, की चुकीचं काम त्या दिवशी चुकीचं दिसतच नाही. पातळ केलेला सर्फेसर 1.4 नं काय सुरेख बसतो! गुळगुळीत, ओला, चकचकीत. मालक खूश, पेंटर खूश. पण एका कोटात जो 40-50 मायक्रॉनचा थर यायला हवा तो आलेलाच नसतो. मग तो भरून काढायला एकावर एक कोट, मध्ये दहा मिनिटं थांबायचंही नाही, कारण संध्याकाळी गाडी द्यायचीय. आत अडकलेलं थिनर पुढे हळूहळू बाहेर पडत राहतं आणि थर खाली बसत जातो. गाडी घरी जाते, उन्हात उभी राहते, आणि एक दिवस बोनटवर लांबीचा अख्खा नकाशा उठून दिसतो. 80 नंबरच्या पेपरच्या रेघा क्लिअरमधून (सगळ्यात वरच्या पारदर्शक कोटातून) वर येतात. कडेला कडा दिसते. आणि मग फोन येतो: "तुम्ही क्लिअर स्वस्तातला वापरला वाटतं." क्लिअरचा काय दोष? बिचारा वर आहे म्हणून सापडतो.

असली दुसऱ्यानं करून ठेवलेली कामं माझ्याकडे येतात तेव्हा गिऱ्हाईकाला समजावून सांगताना माझा घसा सुकतो. पार पत्र्यापर्यंत उतरवावं लागतं सगळं. आणि मजुरी सांगितली की तो म्हणतो, "पण रंग तर नवीनच आहे!"

थिनर वाढवत नाहीत ते प्रेशर वाढवतात. त्यांची जात वेगळी. एचव्हीएलपी गन म्हणजे जास्त हवा, कमी दाब. एअर कॅपपाशी 10 पीएसआयच्या वर दाब जाऊ नये अशीच तिची रचना, आणि गनमध्ये हवा शिरते तिथं साधारण 25-30 पीएसआय दिले की ती मजेत चालते. आपल्याकडे तिला 60 देतात! लहान भोक, जाड माल आणि वरून 60 चा फुफाटा. निम्मा माल पत्र्यावर पोचायच्या आधी सुकतो आणि भुकटी होऊन पडतो. हात फिरवला तर पॅनेल खरखरीत. बाकीचा माल शेडभर, शेजारच्या गाडीच्या काचेवर आणि मारणाऱ्याच्या छातीत. टूके मालाच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, त्यानं कायमचा दमा मागे लागू शकतो. पण तोंडाला रुमाल बांधला की झालं, असं आमच्याकडचं शास्त्र. (रुमाल धूळ अडवत असेल एक वेळ. वाफ अडवत नाही.)

त्यात कॉम्प्रेसर दोन एचपीचा. अशा गनला मिनिटाला दहा-बारा घनफूट हवा लागते, हा देणार सात-आठ. पहिला फेंडर बरा जातो, दरवाज्याला येईपर्यंत दाब पडलेला. मग पुन्हा ओरड, "नोझल खराब आहे."

जुन्या मिस्त्रींचाही एक वेगळाच ताप आहे. त्यांच्याबद्दल मला आदर आहे, हातात कला आहे त्यांच्या. पण ते शिकले सक्शन गनवर, कप खाली असलेल्या. तिथं माल खालून वर ओढायचा असतो, म्हणून त्याच कामाला भोक मोठं लागतं. ग्रॅव्हिटीत कप वर, माल आपल्या वजनानं उतरतो, तिथं त्यापेक्षा लहान पुरतं. मिस्त्री मात्र जुनाच आकडा छातीठोकपणे सांगतात, पोरं तो ग्रॅव्हिटी गनला लावतात, आणि पहिल्याच पॅनेलला ओघळ. मग पोरांचा मोठ्या नोझलवरचा विश्वासच उडतो आणि ती परत 1.4 वर. फिरून भोपळे चौकात!

मोठं नोझल मिळालं म्हणून सुखी होईन म्हणाल, तर तेही नाही. सुट्टी नोझलं मिळतात त्यांच्यावर आकडा एक कोरलेला, भोक भलतंच. मी आता ड्रिल बिटच्या गुळगुळीत दांड्यानं हलकेच तपासून घेतो. 1.8 चा दांडा 1.8 च्या नोझलमध्ये शिरायलाच तयार नाही, आणि दुकानदार मला सांगणार, "वापरून वापरून होईल मोठं." शिवाय सुटं नोझल देताना नीडल देत नाहीत. म्हणे जुनीच चालेल. 1.4 ची नीडल 1.8 च्या नोझलमध्ये नीट बसणार कशी? घोडा सोडला तरी माल टपकत राहतो, आणि नेमका घासून तयार केलेल्या बोनटच्या मधोमध.

हे वाचून कोणीतरी 2.5 लावून सगळंच मारणारा वीर खाली कॉमेंटमध्ये उगवेलच. "मी तर कायम 2.5 नं मारतो, एका हातात भरतं." भरतं की! मग ते ऑरेंज पीलचे (संत्र्याच्या सालीसारख्या खडबडीत थराचे) डोंगर घासायला पोऱ्या दिवसभर ब्लॉक घेऊन बसतो. 320 च्या बारीक पेपरनं सुरू करायचं तिथं 180 च्या जाड पेपरनं सुरू करतो, त्या 180 च्या रेघा भरायला परत प्रायमर, आणि वीरांच्या हातात परत 2.5.

खरं तर आकडा शोधत पेठभर फिरायची वेळच यायला नको. माल बनवणाऱ्यांच्या तांत्रिक कागदावर तो लिहिलेला असतो: नोझल किती, दाब किती, फोर्ड कपातून (दाटपणा मोजायच्या भोकाच्या कपातून) किती सेकंदांत माल उतरला पाहिजे, दोन कोटांत किती मिनिटं. सगळं. पण तो कागद दुकानात मागितला की लोक असे बघतात, जसा मी त्यांच्या जागेचा सातबारा मागतोय. गोडाऊनमध्ये असेल, साहेबांकडे असेल, ऑनलाइन बघा. ऑनलाइन बघितलं तर इंग्रजीतली चार पानं, बारीक टायपात, आणि ती वाचायची कोणी? सकाळी आठपासून धुळीत उभ्या असलेल्या पोरानं? माझ्या फळीवर आत्ता सर्फेसरचे जेवढे डबे आहेत त्या प्रत्येकावर एक चकाचक गाडी छापलीय. कोणाची आहे, कुठली आहे, देव जाणे. त्या गाडीचं एक चाक पुसा आणि तिथं ठळक आकड्यात नोझलचा नंबर छापा ना!