चुंबकाला चिकटलं म्हणजे विष?

"कॉर्नफ्लेक्सचा चुरा करा, पाण्यात कालवा, चुंबक फिरवा. काळी भुकटी चिकटेल. हा लोखंडाचा भुसा तुम्ही मुलांना रोज चारताय!" अशी सुरुवात असलेला मेसेज सध्या सोलापुरातल्या घरोघरच्या ग्रुपवर हिंडतोय. पुढे त्यात आणखी बरंच आहे. उंदरांना कॉर्नफ्लेक्स घातले तर मेले, खोका घातला तर जगले. गरम दुधात कॉर्नफ्लेक्स टाकले की विष तयार होतं. एका अमेरिकन डॉक्टरने पुरुषांची ताकद मारायला हा प्रकार काढला. आणि शेवटी, आपले आजी-आजोबा ज्वारीची भाकरी खायचे, त्यांना वरच्या लोहाची गरज नव्हती, तेव्हा लोह घातलेलं काहीही, गोळ्यासुद्धा, घेऊ नका.

कुणी सकाळी काय खावं याच्याशी मला काही देणंघेणं नाही. पण हा मेसेज वाचून जुळे सोलापुरातल्या माझ्या वहिनीने भाचीला बजावलंय की शाळेत दर आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी गिळायची नाही, गुपचूप दप्तरात टाकायची. पोरगी १३ वर्षांची, पाळी सुरू झालेली, जिना चढली तरी धाप लागते. आता गप्प कसं बसायचं?

तर चुंबक. हो, काही ब्रँडच्या कॉर्नफ्लेक्समधून खरंच काळी भुकटी निघते आणि ती लोखंडाचीच असते. यात कसली चोरी पकडली? डब्याच्या मागे घटकांच्या यादीत लोह लिहिलेलंच असतं. लोहाचे क्षार घातले तर चव आणि रंग बिघडतो, पदार्थाला लवकर खवट वास येतो, म्हणून कंपन्या शुद्ध लोहाची अगदी बारीक पूड वापरतात. ती पोटात गेली की जठरातल्या आम्लात विरघळते आणि त्यातलं थोडं रक्तात जातं. थोडंच, कारण गोळीतल्या लोहाइतकं हे अंगी लागत नाही. मेसेजवाल्याला टीका करायचीच होती तर ही करायची. गोळीत फेरस सल्फेटसारखा क्षार असतो, तिला चुंबक लावून बघा, ढिम्म हलणार नाही. म्हणजे ज्या पुराव्यावर ही सगळी ओरड उभी आहे, तो पुरावा गोळीला लागूच होत नाही. तरी बंद काय झालं? गोळी.

आणि लोखंड पोटात जाणं इतकं भयंकर असेल तर वहिनी, तुमच्या भाकरीचा तवा कशाचा आहे?

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने, म्हणजे एनआयएनने, २०२० साली भारतीयांच्या रोजच्या गरजेचे आकडे काढले. लोह पुरुषाला १९ मिलिग्रॅम, बाईला २९, आणि भाचीच्या वयाच्या मुलीला ३०. आता ज्वारीचा हिशोब करू. १०० ग्रॅम ज्वारीत लोह साधारण ४ मिलिग्रॅम. दिवसाला २०० ग्रॅम पीठ, म्हणजे चांगल्या तीन भाकऱ्या, पोटात गेल्या तर ८ मिलिग्रॅम. शिवाय धान्यात फायटेट नावाचा लोहाला धरून ठेवणारा घटक असतो, त्यामुळे त्यातलंही बरंचसं शोषलं जात नाही. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीला २०१६ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं याचा मलाही अभिमान आहे, दूध-भाकरीचा काला मी आजही आवडीने खाते. पण भाचीच्या तीन भाकऱ्या तर सोडाच, एक खाताना मारामार. आजीला लोहाची गरज नव्हती म्हणे! आजीचं हिमोग्लोबिन कुणी कधी तपासलं होतं? बाळंतपणात बायका पांढऱ्याफटक पडायच्या, त्याला घरातले 'अशक्तपणा' म्हणायचे आणि पुढच्या कामाला लावायचे. आज तपासणी होते म्हणून आकडे दिसतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुली रक्तक्षयाच्या निघाल्या. शाळेतली निळी गोळी त्यासाठीच आहे. तीत ६० मिलिग्रॅम लोह आणि सोबत फॉलिक ॲसिड असतं.

उंदरांच्या प्रयोगाला मेसेजमध्ये ना शास्त्रज्ञाचं नाव, ना साल, ना प्रयोगशाळा. उत्तर काय द्यायचं? पुढे चला.

गरम दुधाने विष होत नाही, लगदा होतो. मक्यातला स्टार्च गरम दूध पटकन पितो, बास. १९९४ मध्ये केलॉग्ज कंपनीचे कॉर्नफ्लेक्स भारतात आले तेव्हाही लोक उकळतं दूधच ओतत होते, कारण थंड दुधाने पोराला सर्दी होते हे आपल्याकडे ठरलेलंच आहे. मला तर तो लगदाच आवडतो, कुरकुरीत फक्त चिवडा. ज्या काकांनी हा मेसेज ग्रुपवर टाकला त्यांच्याकडे दिवाळीला मक्याच्या पोह्यांचा चिवडा डबे भरून असतो, त्या मक्याची कुणाला भीती वाटलेली दिसत नाही.

अमेरिकन डॉक्टरची गोष्ट अर्धी खरी आहे. जॉन हार्वी केलॉग हा डॉक्टर अमेरिकेत बॅटल क्रीक गावी आरोग्यधाम चालवायचा, मसालेदार खाण्याने वासना चाळवते असं मानायचा आणि तसं लिहायचाही. पण फ्लेक्सचं त्याचं १८९६ चं पेटंट पचायला हलक्या धान्याचं आहे. १९०६ मध्ये कंपनी काढली ती धाकट्या भावाने, विलने, आणि तीही माल खपवायला. ताकद मारणारं त्या डब्यात काही नाही.

एक मात्र नाइलाजाने कबूल करते. चॉकलेटचे गोळे आणि रंगीत कड्या हा नाश्ता नव्हे, खाऊ आहे. डब्यामागे १०० ग्रॅमला साखर किती ते बघा. साधे कॉर्नफ्लेक्ससुद्धा रक्तातली साखर झटकन चढवतात, त्यामुळे मधुमेही दादाने ते 'हलकं' म्हणून खाऊ नयेत. मेसेजमध्ये साखरेबद्दल चकार शब्द नाही, तेवढीच एक कामाची गोष्ट होती.

वहिनी, गोळी जेवणानंतर घ्यायची, उपाशीपोटी मळमळतं. चहा आणि दूध तासभर लांब ठेवायचं, लिंबू चालेल, उलट लोह शोषायला मदतच होते. शौचाला काळं झालं तर घाबरायचं नाही. गोळ्या लहान पोरांच्या हाती लागू द्यायच्या नाहीत, त्यांनी एकदम खूप गिळल्या तर जिवावर बेतू शकतं. घरात कुणाला थॅलेसेमिया असेल तर आधी डॉक्टरांना विचारायचं. आणि दप्तरात साठलेल्या गोळ्या एकदम द्यायच्या नाहीत, पुढच्या आठवड्यापासून एकेक.