‘सुईचे नाक’ हा दरवाजा नव्हे: एक खुलासा
जय ख्रिस्त. बायबलमध्ये (मत्तय १९:२४) येशू म्हणतो, धनवानाने देवाच्या राज्यात जाण्यापेक्षा उंटाने सुईच्या नाकातून जाणं सोपं आहे. या वचनाबद्दल कोल्हापुरातल्या आपल्या मंडळ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘सुईचे नाक’ हा यरुशलेमचा बुटका दरवाजा होता, ओझं उतरवून गुडघे टेकले की उंट त्यातून जायचा, शिवाय मूळ शब्द ‘उंट’ नसून ‘दोरखंड’ आहे.

दोन्ही गोष्टींना आधार नाही. येशूच्या काळात अशा नावाचा दरवाजा असल्याचा पुरावा मिळालेला नाही. मत्तय १९:२४ मधला ग्रीक शब्द ‘राफिस’, म्हणजे शिवणाची साधी सुई. लूक १८:२५ च्या जुन्या प्रतींत ‘बेलोने’, तीही सुईच. ‘कामेलोस’ म्हणजे उंट, ‘कामिलोस’ म्हणजे दोरखंड. एका अक्षराच्या फरकाने घोळ झाला. पण बायबलच्या चौथ्या शतकातल्या सिनाई आणि व्हॅटिकन या हस्तलिखितांत उंटच आहे. दोरखंड मोजक्या उत्तरकालीन प्रतींत सापडतो.

आणि पुढची वचनं वाचा ना. शिष्य थक्क होऊन विचारतात, मग तारण कोणाचं होणार? येशू सांगतो, माणसांना हे अशक्य, देवाला सर्व शक्य. गुडघे टेकून उंट जात असता, तर ‘अशक्य’ कशाला म्हटलं असतं? ओझं उतरवण्याचा बोध मलाही आवडतो, पण तो या वचनावर लादू नये.

कृपया हा मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.