प्रतिक्रियेला उत्तर: ब्रिज कॅमेरा, छोटा सेन्सर आणि लांबचा पक्षी

नमस्कार.

पक्षीनिरीक्षणासाठी पहिला कॅमेरा कोणता घ्यावा, या माझ्या लेखावर तुम्ही सविस्तर आणि स्पष्ट लिहिलंत, त्याबद्दल मनापासून आभार. दोन ओळींत उत्तर देऊन भागणार नाही, म्हणून इथे सवडीने लिहितोय.

ज्यांनी मूळ लेख वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. त्यात मी निकॉनचा पी९५० हा ब्रिज कॅमेरा (लांब झूमची, न बदलता येणारी लेन्स असलेला) आणि कॅननचा आर१० हा मिररलेस (लेन्स बदलता येणारा), सोबत आरएफ १००-४०० ही लेन्स, अशी तुलना केली होती. ज्याला मुख्यतः पक्षी ओळखायचे आहेत, नोंदी ठेवायच्या आहेत, त्याने पी९५० घ्यावा, असं माझं मत होतं. तुमचं म्हणणं असं की पी९५०चा सेन्सर (प्रकाश टिपणारी चिप) आर१०च्या तुलनेत इतका लहान आहे की दोघांची बरोबरी करणंच चूक. पी९५०च्या झूमचा '२००० मिमी' हा आकडा जाहिरातीसाठी फुगवलेला आहे. शिवाय असे कॅमेरे घेणारे वर्ष-दोन वर्षांत मिररलेसकडे वळतातच, मग नवख्या माणसाला हा सल्ला देणं म्हणजे त्याचे पैसे पाण्यात घालणं.

सेन्सरबद्दलचं तुमचं विधान बरोबर आहे. पी९५०चा सेन्सर जेमतेम ६.२ बाय ४.६ मिमी, आर१०चा २२.३ बाय १४.९ मिमी. क्षेत्रफळात जवळपास बारापट फरक. पण त्यावरून तुम्ही जो निष्कर्ष काढलात तो लांबच्या पक्ष्याला लागू पडत नाही. का, ते आकडे मांडूनच दाखवतो, कारण दुकानात आणि यूट्यूबवर 'मोठा सेन्सर म्हणजे चांगला फोटो' एवढंच सांगितलं जातं आणि लोक त्यावर हजारो रुपये खर्च करतात.

समजा, छोटा खंड्या ३० मीटरवर बाभळीच्या फांदीवर बसलाय. पक्षी साधारण १७ सेंमीचा. सेन्सरवर त्याची प्रतिमा किती मोठी पडणार, हे लेन्सची खरी फोकल लेंथ (लेन्सची पोच सांगणारा मिमीतला आकडा) ठरवते. सेन्सरच्या आकाराचा त्याच्याशी काही संबंध नाही. '२००० मिमी' हा फुल फ्रेमच्या, म्हणजे जुन्या ३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरच्या, हिशेबातला आकडा आहे, हे तुमचं म्हणणं मान्य. पण खरा आकडा कंपनीने लपवलेला नाही, लेन्सच्या तोंडावरच ४.३-३५७ मिमी असं छापलेलं असतं. तर ३५७ मिमीला हा खंड्या पी९५०च्या सेन्सरवर सुमारे २ मिमीचा उमटतो. आर१०वर ४०० मिमीला तो सव्वादोन मिमीच्या आसपास. दोन्हीकडे जवळजवळ सारखाच! आर१०च्या सेन्सरचा उरलेला भाग फांदी, आकाश आणि मागचं पाणी टिपण्यात जातो. घरी आल्यावर आपण तो कापून टाकतो. पी९५०ची चौकट मिळेपर्यंत आर१०चा फोटो क्रॉप केला तर २४ मेगापिक्सेलमधले जेमतेम अडीच मेगापिक्सेल हातात राहतात.

आता प्रकाशाचं बघू. त्या खंड्याकडून निघालेला किती प्रकाश कॅमेऱ्यात शिरणार, हे लेन्सच्या प्रभावी तोंडाच्या व्यासावर ठरतं. फोकल लेंथला एफ-आकड्याने (एफ/८ मधला ८) भागलं की तो व्यास मिळतो. पी९५० पूर्ण झूमवर एफ/६.५ असतो: ३५७ भागिले ६.५, म्हणजे ५५ मिमी. आरएफ १००-४०० ही ४०० मिमीला एफ/८ असते: ५० मिमी. म्हणजे तुम्ही ज्याला खेळणं म्हणालात त्या कॅमेऱ्याचं तोंड इथे थोडं मोठंच आहे. सारख्या शटर स्पीडला खंड्याकडून येणारा प्रकाश त्यात थोडा जास्तच शिरतो. क्रॉप केल्यावर आर१०च्या फोटोत जो नॉइज (दाणेदारपणा) दिसतो, त्याचं कारण हेच. सेन्सर मोठा असला तरी त्यातला पक्ष्याच्या वाट्याला आलेला तुकडा छोटाच असतो.

उलट बाजूही सांगायला हवी. पी९५०च्या १६ मेगापिक्सेलवर भाळून जाऊ नये. अ‍ॅपर्चर (लेन्सचं प्रकाश आत घेणारं तोंड) अरुंद असलं की प्रकाश पसरतो. एफ/६.५ला एका बिंदूचा ठिपका साडेआठ-नऊ मायक्रॉनचा (हजार मायक्रॉन म्हणजे एक मिमी) होतो आणि या कॅमेऱ्याचा एक पिक्सेल आहे सुमारे १.३ मायक्रॉनचा. एकेक ठिपका सहा-सात पिक्सेल व्यापतो, म्हणून शंभर टक्के झूम करून पाहिलं की पिसं मऊ, धुतल्यासारखी दिसतात. तुम्ही 'वॉटरकलर' म्हणालात ते हेच, त्यात कॅमेऱ्याच्या जेपेगमधल्या नॉइज रिडक्शनची भर पडते. रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली) घेतली तर हे पुष्कळ सुधारतं. जुन्या पी९००ला रॉची सोय नव्हती, पी९५०ला आहे. पण ठिपक्यांचा हिशेब आर१०लाही चुकलेला नाही. एफ/८ला त्याचा ठिपका दहा मायक्रॉनच्या वर जातो. खंड्याच्या लांबीत बसणारे ठिपके मोजले तर पी९५०वर सुमारे २३०, आर१०वर सुमारे २१०. एवढ्याशा फरकाने कुणी जिंकत नाही. आणि माझा मुद्दा तोच आहे: लांब बसलेल्या पक्ष्यासाठी हे दोन्ही कॅमेरे तोडीस तोड आहेत.

तीस मीटर हे अंतर मी सोयीसाठी निवडलं, असं वाटू शकेल. म्हणून जवळचा पक्षीही घेऊ. सिंहगडाच्या पायथ्याच्या झाडीत, सावलीत, स्वर्गीय नर्तक सात-आठ मीटरवर पाण्याला येतो तेव्हा आर१०ची चौकट ४०० मिमीलाच भरून जाते. तेवढ्याच चौकटीसाठी पी९५०चा झूम मागे घ्यावा लागतो आणि झूम मागे घेतला की त्याचं तोंडही आकसतं, आर१०च्या निम्म्याच्या आसपास येतं. म्हणजे प्रकाश पावपट. इथे मोठ्या सेन्सरचा पूर्ण फायदा मिळतो आणि पी९५०चा फोटो त्याच्या जवळपासही फिरकत नाही. ज्यांचं बहुतेक काम हाइडमध्ये (लपून बसायच्या आडोशात) बसून, पक्षी जवळ येण्याची वाट बघत होतं, त्यांनी ब्रिज कॅमेरा घेऊ नये. उन्हातला पांढराशुभ्र बगळा आणि मागे गडद पाणी, अशा दृश्यातही मोठ्या सेन्सरच्या रॉ फाइलमधून बरंच काही सावरता येतं. लहान सेन्सरवर पांढरं एकदा उडालं की उडालं.

खरं सांगायचं तर या दोन प्रकारच्या कॅमेऱ्यांमधला सगळ्यात मोठा फरक तुमच्या प्रतिक्रियेत आलेलाच नाही. तो आहे फोकसचा.

भिगवणला, उजनी धरणाच्या पाण्यावर, कुंभारगावहून होडीतून निघालात की कवड्या खंड्या हमखास भेटतो. पाण्यावर एका जागी पंख फडफडवत थांबतो, चोच खाली, नजर पाण्यात, आणि क्षणात दगडासारखा खाली सुटतो. आर१०च्या सेन्सरवरचे पिक्सेल दोन भागांत विभागलेले असतात. त्यांच्यातल्या फरकावरून कॅमेऱ्याला लगेच कळतं की फोकस पुढे न्यायचा की मागे, आणि किती. शिवाय तो पक्षी ओळखून त्याच्या डोळ्याला धरून ठेवतो. पी९५० फक्त कॉन्ट्रास्ट (उजळ-गडद भागांतला फरक) बघतो. लेन्स थोडी पुढे, थोडी मागे, पुन्हा पुढे, असं चाचपडत त्याला नेमकी जागा सापडते. बसलेल्या पक्ष्याला हे चालतं. तरंगणाऱ्या कवड्याच्या बाबतीत तो पलीकडच्या काठावरच्या गवताला जाऊन चिकटतो, आणि तुम्ही शटर पुन्हा अर्धं दाबेपर्यंत पक्षी पाण्यातून वर आलेला असतो, चोचीत मासा घेऊन.

त्यात चौकटीची अडचण. पूर्ण झूमवर पी९५०ला ३० मीटरवर दिसते ती फक्त अर्ध्या मीटरची पट्टी. आर१०ला तिथेच पावणेदोन मीटर दिसतात. उडणारा सुरय त्या अर्ध्या मीटरमध्ये पकडून ठेवणं सरावलेल्या हातालाही जड जातं. लेन्सच्या बाजूला एक बटण आहे, ते दाबून धरलं की झूम मागे येतो आणि सोडलं की परत जागेवर जातो. ते फार कामाचं आहे, पण झूम मोटरवर चालतो, वेळ खातो. मिररलेसच्या लेन्सची रिंग मनगटाच्या एका हिसक्यात फिरते. आणि पी९५० सेकंदाला ७ फोटो घेतो खरा, पण १० झाले की थांबतो. सेकंदाला १५ फोटो घेणाऱ्या आर१०शी इथे त्याची तुलनाच नको.

म्हणून कुणी मला विचारलं, 'दादा, मला उडणारे पक्षीच टिपायचेत,' तर मी क्षणाचाही विचार न करता मिररलेस सांगेन. मूळ लेखात हे मी एका वाक्यात लिहिलं होतं. आता तिथे हा सगळा परिच्छेद जोडतोय.

मग पी९५० का सांगतो? कारण मला पत्रं लिहिणाऱ्या बहुतेकांची गरज वेगळी असते. कुणी निवृत्त शिक्षक असतात, कुणी शनिवार-रविवारी ऐरोलीच्या खाडीवर जाणारे बँकेतले कर्मचारी. त्यांना चिखलावर दूर पळणारा तो करडा ठिपका कोणता चिखल्या, कोणता तुतवार, हे घरी येऊन पुस्तकाशी ताडून बघायचं असतं. चोचीची लांबी, पायाचा रंग, भुवईची पांढरी रेघ, एवढं दिसलं तर ओळख पटते. कधी बीएनएचएसने (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) पायात कडं घातलेला पक्षी समोर येतो आणि त्यावरचं अक्षर वाचता आलं तर तो कुठून आला ते कळू शकतं. हे पक्षी बहुधा उभे असतात, लांब असतात आणि चिखलामुळे त्यांच्याजवळ जाताच येत नाही. इथे व्ह्यूफाइंडरमध्येच पक्षी मोठा दिसणं फार मोलाचं आहे. आर१०मध्ये तो ठिपकाच राहतो, घरी क्रॉप करेपर्यंत काय टिपलं हे कळत नाही.

याच कारणाशी जोडलेली आणखी एक गोष्ट आहे, आणि माझ्या मते ती सेन्सरपेक्षा महत्त्वाची आहे. ४०० मिमीची लेन्स घेऊन होडीत बसलेला माणूस दहा मिनिटांत म्हणतो, "भाऊ, अजून थोडं पुढे घ्या ना." नावाडी घेतो, त्याचं पोट त्यावर आहे. रोहित पक्ष्यांचा थवा आधी माना वर करतो, मग चालू लागतो, आणि मागच्या होडीतल्या कुणाला उडतानाचा फोटो हवा असतो म्हणून होडी आणखी पुढे सरकते. सगळा थवा उठतो. ते पक्षी इतक्या लांबून इथे चरायला आलेले असतात, आणि आपण त्यांना सकाळभर खाऊ देत नाही. ज्याची गरज पन्नास-साठ मीटरवरून भागते, तो नावाड्याला पुढे घ्यायला सांगत नाही. हातातल्या कॅमेऱ्याने माणसाचं वागणं बदलतं हे मी होडीत बसून पाहिलंय, म्हणून लांबची पोच मला महत्त्वाची वाटते.

तुम्ही भिगवणचे पी९५०वरचे धुरकट फोटो पाहिलेत असं लिहिलंय. त्यातले बरेच उशिरा, ऊन चढल्यावर काढलेले असणार. पाण्यावरची आणि चिखलावरची हवा तापून हलू लागली की लांबचं काहीच शार्प येत नाही, मग लेन्स कितीही महाग असो. सकाळी लवकर जावं, आणि ऊन चढलं की कॅमेरा ठेवून दुर्बीण घ्यावी.

राहिला 'दोन वर्षांत विकतात' हा आक्षेप. काही जण विकतात, खरं आहे, आणि ब्रिज कॅमेऱ्यात लेन्स बदलून पुढे जायची सोय नाही हेही खरं. पण मिररलेसमध्ये पुढे जायचं म्हणजे काय, तेही नवख्याला आधी सांगायला हवं. पोच खरोखर वाढवायची तर कॅननची २००-८०० लेन्स घ्यावी लागते. तिचं तोंड ८९ मिमीचं, पी९५०च्या अडीचपट प्रकाश घेणारं. तिच्यापुढे ब्रिज कॅमेरा उभाच राहत नाही. मात्र वजन दोन किलोच्या वर, आणि किंमत बॉडीच्या कितीतरी पुढे. आर१० आणि १००-४०० मिळून साधारण एक किलो पासष्ट ग्रॅम, पी९५० एक किलो. मी तुलना या दोघांची केली ती म्हणूनच: एकाच वजनाचं ओझं खांद्यावर घेऊन माणसाला काय मिळतं, हे बघायला.

घेण्याआधी एक चाचणी जरूर करा, हे इतर वाचकांसाठीही. आपलं मेमरी कार्ड खिशात टाकून दुकानात जा आणि दोन्ही कॅमेरे दारात घेऊन उभे राहा. आधी रस्त्यापलीकडच्या लांबच्या पाटीवरचं सगळ्यात बारीक अक्षर पूर्ण झूमवर टिपा. मग वर बघा, आपल्या शहरांत घारी आणि कबुतरं कुठेही असतात. एका घिरट्या घालणाऱ्या घारीला दोन्ही कॅमेऱ्यांतून फोकसमध्ये धरायचा प्रयत्न करा. फोटो घरी मोठ्या स्क्रीनवर बघा. यातलं कोणतं काम आपण जास्त करणार आहोत, हे ज्याचं त्याने ठरवावं.

तुमच्याकडे आर१० आणि १००-४०० आहे असं तुम्ही लिहिलंय. एक विनंती. बसलेल्या छोट्या खंड्याची, साधारण तीस मीटरवरून घेतलेली, न कापलेली रॉ फाइल तुमच्याकडे असेल तर ब्लॉगवरच्या ईमेलवर पाठवा, शटर स्पीड आणि वेळही कळवा. माझ्या पी९५०च्या तशाच फाइलशेजारी ती लेखात लावतो, दोन्हींवर कसलंही शार्पनिंग न करता.