खुलासा : क्युबाचे सगळे छोटे सिगार हाताने वळलेले नसतात

‘खोक्यावर "एचो एन कूबा" (स्पॅनिशमध्ये ‘क्युबात बनवलेलं’) असलं की सिगार हाताने वळलेला; स्वस्त-महाग हा फरक फक्त नावाचा’ असा मेसेज फिरतोय. तो चुकीचा आहे. ती ओळ फक्त देश सांगते. कोहिबा मिनी, पार्तागास मिनी हे नामांकित ब्रँडचे छोटे सिगार यंत्रावर बनतात, नाव कितीही मोठं असो. उलट होसे एल. पिएद्रा या स्वस्तातल्या क्युबन ब्रँडचा सिगार हातानेच वळतात, पण आत अख्ख्या पानांऐवजी तुकडे भरतात. म्हणून ओढताना तंबाखूचे कण जिभेवर येतात. खोक्याचा तळ बघा : पूर्ण हातकामासाठी १९८९ पासून ‘तोतालमेंते आ मानो’ (पूर्णपणे हाताने) छापतात, ‘त्रिपा कोर्ता’ असेल तर आत तुकडे. तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका.