तीन युरो तीस सेंट

काल सकाळी आईला घेऊन माटुंग्याला गेले होते, डोसा खायला. रविवारी नऊ वाजता माटुंग्यातल्या उडप्याकडे जाणं हा वेडेपणा आहे हे ठाऊक असूनही आपण जातोच. दारातल्या माणसाच्या वहीत नाव लिहायचं, महेश्वरी उद्यानाच्या कडेने एक चक्कर मारायची आणि पुकारा झाला की धावायचं. आमचा पुकारा पाऊण तासाने झाला. आत चौघांच्या टेबलावर एक गोरा मुलगा एकटाच बसला होता. समोर रसम वडा, शेजारच्या खुर्चीवर बॅग. वेटरने बॅग उचलून त्याच्या मांडीवर ठेवली आणि आम्हाला म्हणाला, "बसा."

मुलगा ताडकन उभा राहिला. कान लालबुंद. वड्याची वाटी हातात धरून कधी वेटरकडे, कधी आमच्याकडे बघतोय. वेटरला वाटलं याला काहीतरी हवंय, म्हणून तो चटणी आणायला गेला.

"हा का उठला गं?" आई म्हणाली. "आपल्याशेजारी बसायचं नाही वाटतं याला."

तेवढ्यात चौथ्या खुर्चीवर येऊन टेकलेले एक काका म्हणाले, "माज हो. दुसरं काय!"

आणि आईने दुजोरा दिला, "हिला विचारा ना. जर्मनीत शिकायला होती. एका वेट्रेसने हिचे उरलेले पैसे चक्क खाल्ले होते. भारतीय बघून."

मी टेबलाच्या सनमायकाकडे बघत राहिले. कारण त्या वेट्रेसने माझे पैसे खाल्ले नव्हते. हे मला २०१५च्या डिसेंबरपासून माहीत आहे. आईला माहीत नव्हतं, कारण मी तिला कधी सांगितलंच नाही.

तर ती गोष्ट आज इथे सांगते.

मास्टर्ससाठी बव्हेरियात गेले त्याला जेमतेम महिना झाला होता. बँकेत गोठवून ठेवलेल्या खात्यातून महिन्याला ६७० युरो मिळायचे. त्यातच भाडं, विमा, भाजी सगळं. बाहेर जेवणं म्हणजे चैन. पण त्या दिवशी पहिली परीक्षा झाली होती, म्हणून गावातल्या एका जुन्या गास्टहाउसमध्ये, म्हणजे तिथल्या खाणावळीत, गेले. केझश्पेट्झले घेतलं (चीजमध्ये घोळवलेल्या जाडसर शेवया, वर कुरकुरीत कांदा, शाकाहारी माणसाचा तिथला आधार). पाणी मागितलं तर बुडबुड्यांचं आलं आणि त्याचेही पैसे लागले. आपल्याकडे टेकायच्या आत पाण्याचा ग्लास आदळतो, वेटरची बोटं त्यात बुडालेली असली तरी. तिथे नळाचं पाणी हवं तर तसं सांगावं लागतं, आणि ते मागितलेलं त्यांना फारसं आवडत नाही. थोडक्यात, मी आधीच किंचित दुखावलेली होते.

बिल झालं १६ युरो ७० सेंट. मी वीसची नोट पुढे केली आणि गोड हसून म्हटलं, "डांके."

डांके म्हणजे धन्यवाद. आपल्याकडे धन्यवाद हा शब्द व्यासपीठावरचा. हॉटेलात वेटरला कोण धन्यवाद म्हणतं? फार तर मान हलवतो. पण जायच्या आधी सगळ्यांनी बजावलं होतं की जर्मन लोकांना शिष्टाचार लागतो, प्लीज-थँक्यू विसरू नकोस. म्हणून मी दार उघडणाऱ्यालाही डांके, बसच्या ड्रायव्हरलाही डांके म्हणत सुटले होते. वेट्रेसचा चेहरा खुलला. ती भरभरून आभार मानून निघून गेली. मी वाट बघत बसले.

पाच मिनिटं. दहा मिनिटं. ती दोनदा समोरून गेली, हसली, पुढे गेली. आता हे समजून घ्या की माझ्या डोक्यात मुंबईचं हॉटेल होतं. इथे पैसे गल्ल्यावर जातात. वेटर नोट घेऊन जातो, शेठ सुट्टे मोजतो, मग बडीशेपेच्या बशीतून ते टेबलावर येतात. वेळ लागणारच. तिथे गल्ल्याचा प्रश्नच नव्हता. वेट्रेसच्या कमरेला जाडजूड काळं पाकीट असतं, त्यात तिचे सुट्टे. टेबलाशी उभी राहून तिथल्या तिथे हिशेब करते आणि ड्यूटी संपली की मालकाला देते. म्हणजे ती टेबलापासून हलली तेव्हाच व्यवहार मिटला होता. हे मला ठाऊक नव्हतं.

विसाव्या मिनिटाला मी उठले. विचारलं नाही हं, नुसती उठले. बाहेर आले, थंडीत उभी राहून आईला फोन लावला आणि रडले. २४० रुपये गेले म्हणून नव्हे. 'बघ, आपला रंग बघून कसं वागतात' हे वाक्य माझ्या तोंडात तयारच होतं, त्याला फक्त निमित्त हवं होतं. आईने ते झेललं. आईने ते ठाण्याच्या मावशीला दिलं. पुढचं तुम्हाला कळेलच.

डिसेंबरात फ्लॅटमधल्या जर्मन मैत्रिणीला ही कहाणी ऐकवली. तिने विचारलं, "तू नोट देताना काय म्हणालीस?" म्हटलं, डांके. तिने कपाळाला हात लावला. पैसे देताना, सुट्टे हातात यायच्या आधी डांके म्हटलं की त्याचा अर्थ होतो 'बाकीचे ठेव'. टिप तिकडे टेबलावर सोडून जात नाहीत. किती द्यायचेत तो आकडाच सांगतात. सोळा सत्तरचं बिल असेल तर 'अठरा' म्हणायचं, ती दोन परत देते. म्हणजे मी सतरा युरोही न झालेल्या बिलावर सव्वातीन युरोंची टिप दिली होती, जवळपास वीस टक्के. तिकडे पाच-दहा टक्के म्हणजे पुष्कळ. ती बाई दोनदा वळून हसली ती त्यामुळे. मी तिला त्या संध्याकाळची सगळ्यात दिलदार गिऱ्हाईक वाटले असणार, आणि मी तिला चोर ठरवून बाहेर पडले.

परदेशात वर्णद्वेष नसतो असं मी म्हणत नाहीये. घर शोधताना तो मी भोगलाय, त्यावर वेगळं लिहीन. उलट म्हणूनच मला त्या तीन युरोंचा जास्त राग येतो. खऱ्या अनुभवांच्या रांगेत मी एक खोटा अनुभव घुसवला, आणि लोकांना तोच जास्त आवडला, कारण तो दोन वाक्यांत सांगता येतो. घर शोधण्याचा किस्सा आजवर कुणी पुढे सांगितलेला नाही.

असो. माटुंग्याचा मुलगा वाटी धरून उभाच होता. मी इंग्रजीत विचारलं. तो म्हणाला, "सॉरी, हे टेबल तुम्ही आधीच ठरवलेलं होतं का?" बिचाऱ्याला वाटलं, आपण चुकून दुसऱ्याच्या जागेवर बसलो. मुलगा जर्मनच होता, टेबल वाटून घेणं त्याला नवीन नव्हतं. जर्मनीत बिअर गार्डनच्या लांब बाकांवर अनोळखी माणसं शेजारी बसतातच. पण बसणारा आधी विचारतो, इथे जागा आहे का? इथे कुणी विचारलं नाही. वेटरने ठरवलं. आपल्याला त्यात काही वाटत नाही, कारण आपली हॉटेलं गिरणगावातल्या खाणावळींची नातवंडं आहेत. पंगतीत शेजारी कोण, हे तिथे कोण विचारणार? निदान इराण्यांनी भिंतीवर पाट्या तरी लावल्या होत्या, केस विंचरू नका, मोठ्याने बोलू नका. उडप्याकडे पाटी नाही. तुम्ही मुंबईकर आहात, हे गृहीत.

मी त्याला बसवलं. काकांनाही सांगितलं. काका "अस्सं होय" म्हणाले आणि त्यांनी आपली पोडी इडली त्याच्याकडे सरकवली. त्याची कॉफी अर्धी व्हायच्या आत वेटरने बिल आणून ठेवलं तेव्हा तो पुन्हा दचकला. तिकडे मागितल्याशिवाय बिल आणणं म्हणजे उठा म्हणणंच. मी म्हटलं, "अरे, इथेही तेच आहे, फक्त मनावर घ्यायचं नाही." त्याच्याकडे यूपीआय नव्हतं. त्याने पाचशेची नोट दिली आणि स्वच्छ आवाजात "थँक यू" म्हणाला. माझ्या पोटात गोळा आला. पण दोन मिनिटांत बडीशेपेच्या बशीत सुट्टे हजर, शेवटच्या नाण्यापर्यंत.

माटुंगा स्टेशनकडे चालताना मी आईला सगळं सांगितलं. डांके, काळं पाकीट, वीस टक्के. ती गप्प. पुलाच्या पायऱ्या चढेपर्यंत गप्प. मग मधेच थांबली, कठड्याला धरून.

"म्हणजे मी प्राजूच्या डोहाळजेवणाला सगळ्या बायकांना सांगितलं ते?"

"हो."

"आणि तू तिथेच होतीस."

"हो."

"वड्या वाटत होतीस तू!"

फास्ट धडधडत निघून गेली. मग स्लो आली.